पुराच्या हकिकती व इंग्रजीतील अप्रत्यक्ष कथन



आजच्या भाषणाचा विषय इंग्रजी व्याकरणातील एक प्रकरण आहे, एवढे कानी पडताच पुष्कळांच्या मनात रेडिओची खुंटी पिळून दुसरीकडे गाणे लागले आहे काय हे पाहण्याची इच्छा उत्पन्न होईल, हे मी जाणून आहे. तथापि थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन हे प्रकरण शाळेत आपण सर्वांनीच घोकले. नेसफील्ड असो, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असो, की रेन व मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक असो, प्रत्येकात अवतरणचिन्हे काढा, 'दॅट' घाला, क्रियापद एक पायरी मागे न्या, असा विधी दिलेला असतो. विद्यार्थी तो विधी स्नानसंध्येसारखा उरकतात. परीक्षेत चार गुण पदरात पडतात आणि मुलगा पुढे महाविद्यालयात जाऊन 'ही टोल्ड दॅट आय ॲम कमिंग' असेच बोलतो.

याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे की, पुस्तकांतील वाक्यांत कोणाचे काही अडलेले नसते. 'राम म्हणाला, मी आजारी आहे.' राम कोण, तो हे कोणास म्हणाला, केव्हा म्हणाला, आणि त्याचे म्हणणे आपणांस आता कोण सांगत आहे, याची कोणासच पर्वा नाही. ज्या कथनात या चार गोष्टींवर खरोखर काही अवलंबून असते असे कथन मुलांपुढे ठेवले, म्हणजे नियम आपोआप उलगडतात असा माझा अनुभव आहे. आणि असे कथन नैसर्गिक आपत्तीच्या हकिकतीइतके दुसरीकडे क्वचितच सापडते. पूर, भूकंप, वादळ यांच्या प्रसंगी माणसे एकमेकांचे बोलणेच एकमेकांस पोचवीत असतात. कोणी काय पाहिले, कोणी कोणास काय सांगितले, तोपर्यंत काय घडून गेले होते व काय घडावयाचे होते, यांवर प्राण अवलंबून असतात.

उदाहरण म्हणून पानशेत घ्या. १९६१ सालच्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस, बांधकाम पुरे होत आले नसता पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठविलेले अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याचा भार खालच्या अंगास असलेल्या खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणास सोसवला नाही, आणि मुठेचे पाणी पुणे शहराच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण थोपवून धरण्याची शिकस्त केली होती. पाणी रात्री न येता दिवसाउजेडी आले याचे श्रेय त्यांस दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. प्रथम न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पाहिले. धरणावरील मनुष्याने कचेरीत काय कळविले, कचेरीने शहरास काय कळविले, आणि केव्हा? अशा चौकशीतील प्रश्नांचा बहुतेक भाग वस्तुतः अप्रत्यक्ष कथनाचाच असतो.

येथे एक खुलासा करून ठेवतो. यापुढे जी इंग्रजी वाक्ये मी उदाहरणादाखल देणार आहे ती कोणा खऱ्या व्यक्तीच्या तोंडची नव्हेत. ती अभ्यासाकरिता मी रचलेली आहेत. प्रसंग मात्र खरे आहेत.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मुलगा इंग्रजीत चुकतो तो बहुधा मराठी बरोबर बोलत असल्यामुळेच चुकतो. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी निघतो.' यातील 'मी' कोण? सांगणारा नव्हे, ज्याचे बोलणे सांगितले जात आहे तो. मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण क्षणभर त्याचेच तोंड घेऊन बोलतो. त्याचा 'मी' तसाच राहतो, त्याचा वर्तमानकाळही तसाच राहतो. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'की' ची गरजही भासत नाही. 'पानी आलं म्हनून सांगतलं त्यानं,' एवढ्यात काम भागते. हा 'म्हणून' आपला जुना ठेवा आहे. संस्कृतात बोलणे संपल्यावर 'इति' येतो, तेलुगूत आणि कानडीतही बोलण्याच्या शेवटीच त्या अर्थाचा शब्द बसतो, तशीच ही आपली रीत. 'की' हा फारसीतून आलेला पाहुणा होय. तो आता घरचाच झाला. अचलपुरात तर उर्दू आणि हिंदी कानांवर सतत पडते, आणि त्या भाषांतही 'उसने कहा कि मैं आता हूँ' असेच म्हणतात. तेव्हा आमच्याकडील मुलाच्या दोन्ही कानांनी त्यास एकच गोष्ट शिकविलेली असते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आजी वर्धा नदीकाठची. १९९१ सालच्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस वर्धेच्या पुराने नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले आणि २०४ माणसे दगावली, हे आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. त्या पुराची आजीने सांगितलेली हकिकत त्या मुलाने इंग्रजी निबंधात लिहिली होती. त्यात एक वाक्य असे होते: 'माय ग्रँडमदर सेड दॅट आय ॲम ऑन द रूफ.' मराठीप्रमाणे वाचले तर वाक्यात काडीचाही दोष नाही. आजी म्हणाली की मी छपरावर आहे. परंतु इंग्रजी वाचणाऱ्यास काय कळेल? छपरावर नातू आहे, आणि आताच आहे, असे. आजी वाक्यातून नाहीशी झाली! वर्गात हसू उठले. मी मात्र ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि त्यावर तास घालविला. कोण छपरावर होते, हे सांगता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

यावर मी जो उपाय योजला तो आपणांस सांगतो, कारण तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळावयाचा नाही. मराठीतच अप्रत्यक्ष कथनाची एक खरी रीत आहे. तिच्याकडे आपण लक्ष देत नाही एवढेच. वर्तमानपत्रे ती रोज वापरतात. 'पाणी वाढत असल्याचे त्यांनी सांगितले.' 'आपण रात्रभर छपरावर असल्याचे आजीने सांगितले.' येथे 'मी' गेला आणि 'आपण' आला. हा 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' नव्हे, आणि 'तुम्ही-आम्ही मिळून' असाही नव्हे. ज्याचे बोलणे चालले आहे तो स्वतः, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'आहे' हे क्रियापद 'असल्याचे' या रूपात विरघळून गेले. म्हणून मुलांस मी सांगत असे की, एकदम इंग्रजीत उडी घेऊ नका, मध्ये ही पायरी घ्या. 'मी छपरावर आहे' याचे प्रथम 'आपण छपरावर असल्याचे' असे करा. मग 'आपण' च्या जागी 'शी' किंवा 'ही' ठेवा, आणि 'असल्याचे' च्या जागी 'वॉज'. 'शी सेड दॅट शी वॉज ऑन द रूफ.' आजी पुन्हा छपरावर गेली.

आता काळाकडे वळू. इंग्रजीत क्रियापद मागे का न्यावयाचे? पुस्तके 'नियम आहे' एवढे म्हणून मोकळी होतात. वस्तुतः कारण सोपे आहे. मराठीत आपण मूळ बोलणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहतो. इंग्रजीत सांगणारा आपली जागा सोडीत नाही. तो स्वतः जेथे आणि जेव्हा उभा आहे तेथूनच सर्व काही मोजतो. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते बोलणे भूतकाळात पडले, म्हणून त्या बोलण्यातील वर्तमानही भूतकाळात पडला.

पानशेतकडे परत येऊ. अशी कल्पना करा की, ११ जुलैच्या रात्री धरणावरील एक मनुष्य दूरध्वनीवरून म्हणतो: 'द वॉटर इज राइझिंग.' दुसरा ते महिन्याने आयोगापुढे सांगतो: 'ही सेड दॅट द वॉटर वॉज राइझिंग.' पहिला म्हणतो: 'द डॅम विल होल्ड टिल मॉर्निंग.' दुसरा सांगतो: 'ही सेड दॅट द डॅम वुड होल्ड टिल मॉर्निंग.' हा 'वुड' लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो त्या रात्रीचा भविष्यकाळ आहे. सकाळ होऊन गेली, काय घडावयाचे ते घडले, पण बोलणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. त्याचे ते न कळणे 'वुड' या एका शब्दात जपले जाते. मराठीत 'धरण सकाळपर्यंत टिकेल असे तो म्हणाला' म्हटले म्हणजे हेच आपण सरळ भविष्यकाळाने साधतो. 'कॅन' चा 'कुड' होतो, 'मे' चा 'माइट' होतो, ते याच न्यायाने. त्यांवर अधिक वेळ घालवीत नाही.

खरी कसोटी भूतकाळाच्या ठिकाणी आहे. 'द डॅम इज बर्स्टिंग' आणि 'द डॅम हॅज बर्स्ट' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्याचे रूपांतर 'ही सेड दॅट द डॅम वॉज बर्स्टिंग', दुसऱ्याचे 'ही सेड दॅट द डॅम हॅड बर्स्ट'. धरण फुटत आहे आणि धरण फुटले आहे यांमध्ये, खाली वस्ती असलेल्या माणसाच्या दृष्टीने, मुले उचलून उंचावर जाण्याइतका अवधी असतो. विद्यार्थी या दोन रूपांची सर्रास गल्लत करतात आणि परीक्षक अर्धा गुण कापतो. साक्षीत मात्र अशा गल्लतीने अधिकारी दोषी ठरावयाचा की निर्दोष, हे बदलू शकते. 'हॅड' हा शब्द मुलांस अत्यंत निरुपयोगी वाटतो. त्यांस मी सांगत असे की हा शब्द म्हणजे बोलण्याच्याही आधीची वेळ दाखविणारे घड्याळ होय. बोलणे काल झाले, आणि घडणे त्याच्याही पूर्वी होऊन गेले होते, एवढे सांगण्याकरिता तो आहे.

यापुढील भाग पुस्तकांत बहुधा विपर्यस्त स्वरूपात आढळतो. 'टुडे' चे 'दॅट डे' करा, 'टुमॉरो' चे 'द नेक्स्ट डे' करा, 'यस्टर्डे' चे 'द डे बिफोर' करा, 'हिअर' चे 'देअर' करा, 'धिस' चे 'दॅट' करा, अशी एक यादी असते आणि मुले ती डोळे मिटून लावतात. यादी खोटी नाही. पण ती आंधळेपणाने लावावयाची नाही. सांगणारा अजून त्याच दिवसात आणि त्याच जागी उभा असेल तर काहीच बदलावयाचे कारण नाही. सकाळी तलाठी म्हणाला, 'द रिव्हर विल फ्लड टुडे,' आणि त्याच दुपारी आपण शेजाऱ्यास ते सांगत आहोत, तर 'ही सेड द रिव्हर वुड फ्लड टुडे' हेच बरोबर. तेथे 'दॅट डे' म्हटले तर शेजारी समजेल की गोष्ट जुनी आहे, आणि निवांत चहा पीत बसेल! आपण मराठीतही हे करतो, फक्त आपल्या ध्यानात येत नाही. काल मित्र म्हणाला, 'उद्या येतो.' आज आपण घरी सांगतो, 'तो आज येतो म्हणाला.' 'मी' बदलण्यास नाखूष असलेली आपली मराठी 'उद्या' मात्र बिनतक्रार बदलते. म्हणूनच 'काल तो म्हणाला की उद्या येईन' हे वाक्य आमच्या घरात नेहमी वाद उत्पन्न करते: कालचा उद्या की आजचा उद्या? पुराच्या इशाऱ्यात असा घोटाळा परवडणारा नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यात तारीख स्पष्ट दिलेली असते, तिचे महत्त्व येथे कळते. इशारा एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल होण्याचा संभव असतोच. निदान तारीख तरी शाबूत राहावी.

काळाच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि मला स्वतःला ती या सबंध प्रकरणात सर्वांत मनोवेधक वाटते. जे सदासर्वदा खरे असते ते मागे नेत नाहीत, हे पुस्तकात असते. 'द टीचर सेड दॅट द पूर्णा फ्लोज इनटू द तापी.' पूर्णा कालही तापीस मिळत होती, आजही मिळते. पण ज्या गोष्टी सदाच्या नव्हेत, परंतु सांगतेवेळी अजून खऱ्या असू शकतील, त्यांचे काय? समजा, सापन नदीस पूर आला आहे आणि परतवाड्याहून आलेला मनुष्य म्हणाला, 'द ब्रिज इज अंडर वॉटर.' आता आपण ते तिसऱ्यास सांगताना दोन प्रकारे सांगू शकतो. 'ही सेड दॅट द ब्रिज वॉज अंडर वॉटर' असे म्हटले तर आपण एवढेच सांगितले की, तो असे म्हणाला. पूल आता कसा आहे याची हमी आपण घेत नाही. 'ही सेड दॅट द ब्रिज इज अंडर वॉटर' असे म्हटले तर त्याचे म्हणणे आपण आपल्या खांद्यावर घेतले. पूल अजून पाण्याखाली आहे असे आपलेही मत आहे. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कोणते वापरावयाचे हे व्याकरण सांगत नाही, सांगणाऱ्याची जबाबदारी सांगते. परीक्षेत मात्र 'वॉज' च लिहावे. परीक्षकाशी वाद घालण्यात विद्यार्थ्याचे हित नाही.

'से' आणि 'टेल' यांविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या 'सांगितले' ला कोणास सांगितले हे बोलण्याची सक्ती नाही. इंग्रजीतील 'टोल्ड' ला या अर्थी ती आहे. 'ही टोल्ड दॅट' हे अशुद्ध. 'ही टोल्ड मी दॅट', 'ही टोल्ड द विलेजर्स दॅट' हे शुद्ध. माणूस सांगावयाचा नसेल तर 'सेड' वापरावा. आपत्तीच्या हकिकतीत हा नियम मला फार उपकारक वाटतो, कारण तो प्रत्येक वाक्यागणिक विचारतो: सांगितले खरे, पण कोणास? 'आम्ही सांगितले होते' हे वाक्य मराठीत फार सोयीचे आहे. ज्यास सांगितले असेल तो मनुष्य पुढे उभा करावाच लागत नाही!

आता प्रश्न. १९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जनाची मंडळी घरी येऊन निजली असता, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर ही गावे जमीनदोस्त झाली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची जड छपरे निजलेल्या माणसांवर कोसळल्यामुळे मृतांची संख्या हजारांनी मोजावी लागली. परदेशांतून बातमीदार आले, साहाय्यक पथके आली, आणि वाचलेल्या माणसांचे बोलणे त्यांस इंग्रजीतून सांगणाऱ्यांची गरज पडली. तेथे काय विचारले जात असेल याची कल्पना कोणासही करता येईल. 'माझा मुलगा कोठे आहे?' हे एक वाक्य घ्या. आमचा विद्यार्थी याचे भाषांतर करील: 'ही आस्क्ड दॅट व्हेअर इज माय सन.' यात तीन ठिकाणी मराठी डोकावते. 'विचारले की' मधील 'की' चा 'दॅट' झाला. इंग्रजीत प्रश्नापुढे 'दॅट' चालत नाही. 'माझा' चा 'माय' तसाच राहिला, त्यामुळे मुलगा दुभाष्याचा झाला. आणि 'इज' प्रश्नाच्या रचनेत पुढेच राहिले. अप्रत्यक्ष कथनात प्रश्न हा प्रश्न राहत नाही. तो एका मोठ्या वाक्याचा भाग होतो, म्हणून त्याची उलटी रचना सरळ होते आणि प्रश्नचिन्हही गळून पडते. 'ही आस्क्ड व्हेअर हिज सन वॉज.' ज्या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे येते तेथे 'इफ' किंवा 'वेदर' लागते. 'इज एनीवन अलाइव्ह?' याचे 'दे आस्क्ड इफ एनीवन वॉज अलाइव्ह' असे होते.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. न्यायालयातील दुभाषी आपल्या आमच्या मराठी रीतीनेच बोलतो. साक्षीदार 'मी पाहिले' म्हणाला तर दुभाषी 'आय सॉ' असेच म्हणतो, 'ही सेज ही सॉ' असे म्हणत नाही, कारण त्याने स्वतः नाहीसे व्हावे अशीच अपेक्षा असते. म्हणजे मुलाची चूक ही मुळात दुभाष्याची रीत आहे. ती निबंधात आली म्हणून चूक ठरली.

आज्ञा आणि विनवणी यांच्या बाबतीत इंग्रजी भाषा फार श्रीमंत आहे. मराठीत आपण 'पळ असे ती म्हणाली' म्हणून मोकळे होतो. आवाजावरून अर्थ कळतो. कागदावर आवाज नसतो. या संबंधात मला एका फार जुन्या हकिकतीचा उल्लेख करावासा वाटतो. इसवी सन ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक होऊन पाँपेई शहर राखेखाली गडप झाले. त्या वेळी धाकटा प्लिनी हा १७ वर्षांचा होता व उपसागरापलीकडे मायसीनम येथे आईसह राहत होता. आरमाराचा अधिपती असलेला त्याचा मामा माणसांस वाचविण्यास गेला तो परत आला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराच्या विनंतीवरून प्लिनीने दोन पत्रांत ती हकिकत लिहिली. अंधार दाटून आला असता आईने मुलास, तू तरुण आहेस, तू एकटा निसटू शकशील, तू जा, अशा अर्थाचे जे सांगितले, ते त्याने लॅटिन भाषेत अप्रत्यक्ष कथनानेच दिले आहे. आणि त्या एका सांगण्याकरिता त्याने एकापाठोपाठ एक तीन क्रियापदे योजिली आहेत: विनविले, आग्रह केला, आज्ञा केली. अवतरणचिन्हांत आईचे शब्द दिले असते तरी यापेक्षा अधिक काही ऐकू आले असते असे मला वाटत नाही. मुलाने अर्थातच ऐकले नाही. आईचा हात धरून तिला ओढीत नेले, आणि दोघेही वाचली.

इंग्रजीत हेच करता येते. 'शी बेग्ड हिम टु गो', 'शी अर्ज्ड हिम टु गो', 'शी ऑर्डर्ड हिम टु गो'. येथे 'दॅट' नाही, काळ मागे नेण्याची यातायात नाही. 'टु' आणि मूळ क्रियापद, बस्स. नकार असल्यास 'नॉट टु'. 'डोन्ट क्रॉस द ब्रिज' याचे 'द पोलीसमन वॉर्न्ड देम नॉट टु क्रॉस द ब्रिज' असे होते. मात्र योग्य क्रियापद निवडणे हे सांगणाऱ्याचे काम आहे, आणि येथेच त्याचा प्रामाणिकपणा कसास लागतो. पोलिसाने नुसते 'जाऊ नका' म्हटले होते की बजावले होते? 'टोल्ड' की 'वॉर्न्ड'? मी मुलांस सांगत असे की, शंका असेल तेथे सौम्य क्रियापद घ्यावे. जे ऐकले त्यात आपल्या पदरचा जोर घालू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या 'म्हणे' या शब्दाचा. 'धरण फुटले म्हणे!' हा केवढा चतुर शब्द आहे पाहा. कोण म्हणाले हे सांगितले नाही, मी म्हणतो असेही नाही. बातमी पुढे ढकलली आणि आपण नामानिराळे राहिलो. पुराच्या दिवशी गावातून सर्वांत जलद धावतो तो हाच शब्द. इंग्रजीत याला एका शब्दाचा जोड नाही. 'इट इज सेड दॅट द डॅम हॅज बर्स्ट', किंवा 'द डॅम इज सेड टु हॅव बर्स्ट', अशी लांबण लावावी लागते. वर्तमानपत्री इंग्रजीत 'रिपोर्टेडली' हा शब्द घालतात. विद्यार्थी बहुधा 'म्हणे' गाळूनच टाकतात आणि 'द डॅम हॅज बर्स्ट' असे ठोकून देतात. ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते. न्यायालयांत हा भेद फार जुना आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्यानेच सांगितले पाहिजे, असे घालून दिले होते. २०२४ च्या जुलै महिन्याच्या १ तारखेपासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व कायमच आहे. 'तो म्हणाला की पाणी आले' या साक्षीने तो तसे म्हणाला एवढे फार तर सिद्ध होईल. पाणी आले हे सिद्ध होत नाही.

घरी ज्यांस हा अभ्यास करावयाचा असेल त्यांनी असे करून पाहावे. आपल्या घरात किंवा शेजारी ज्या वडीलधाऱ्या माणसाने एखादा पूर, भूकंप अथवा वादळ पाहिले असेल त्यास, त्याची इच्छा असल्यास, सांगावयास लावावे. त्याचे बोलणे आहे तसे, त्याच्याच बोलीत, वहीवर उतरून घ्यावे. शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. मग प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहाव्या: हे कोण बोलले, कोणास बोलले, आणि तेव्हा ती गोष्ट होऊन गेली होती, होत होती की व्हावयाची होती. त्यानंतर ते वाक्य 'आपण' आणि 'असल्याचे' यांच्या पायरीवर आणावे, आणि सर्वांत शेवटी इंग्रजीत. एका बैठकीत दहा वाक्ये पुष्कळ झाली. अशा रीतीने घरातील एक हकिकत दोन भाषांत लिहून राहते, हा लाभ वेगळाच.

सरावाकरिता पाच वाक्ये देतो. कागद-पेन्सिल जवळ असल्यास टिपून घ्यावी. पहिले: 'डोन्ट गो निअर द रिव्हर टुनाइट,' द पोलीसमन सेड टु द बॉइज. दुसरे: 'हॅज द लास्ट बस लेफ्ट?' ही आस्क्ड. तिसरे: 'वी कुड सी द ब्रिज यस्टर्डे,' दे सेड. चौथे: 'द वर्धा जॉइन्स द वैनगंगा,' द टीचर सेड. पाचवे: 'आय सॉ माय हाउस गो डाउन द रिव्हर,' शी सेड. तिसऱ्यात 'कुड' तसाच ठेवला तरी चालेल, पण 'यस्टर्डे' चे काय करावयाचे हे आपण कोणत्या दिवशी सांगत आहोत त्यावर ठरवावे. पाचव्यात 'सॉ' चे 'हॅड सीन' करावे, 'माय' चे 'हर' करावे, आणि 'गो' मात्र आहे तसेच राहू द्यावे. तिने पाहिले त्या क्षणी ते घर जातच होते.